एकही चेहरा नसलेला वर्ग

श्रीमती वनिता गावंड यांच्याविरुद्ध त्यांच्या संपूर्ण सेवाकाळात एकच लेखी तक्रार झाली, आणि ती मी केली. हे आरंभीच नमूद करतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून माझ्याविषयी कोणाचा बरा ग्रह होऊ नये. गेल्या आठवड्यात शिक्षण खात्याच्या कार्यालयातून मला एक पत्र आले. संबंधित शिक्षिका नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाल्या असल्याने प्रस्तुत प्रकरणी कोणतीही कार्यवाही शिल्लक राहत नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे, असा त्याचा आशय. मी दिवाणी न्यायालयाच्या कार्यालयात अधीक्षक होतो. दप्तरी दाखल होणे म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको. कागद मरत नाही. त्याला पुन्हा कोणी हाक मारत नाही, इतकेच.

मला मात्र अजून हाक मारायची आहे. बाईंच्या पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीविषयी मी सांगू शकत नाही, कारण मी त्यांना ओळखले ते शेवटच्या दोन वर्षांत. जे पाहिले तेवढेच लिहितो.

टाळेबंदीच्या त्या वर्षी शाळा बंद होत्या आणि मुले घरी बसून मोबाईलवर शिकत होती. माझी नात ईशा नववीत होती. डोंबिवलीच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने पोह्यांचे दोन डबे उभे केले होते, त्यांवर दोन फूटपट्ट्या थोडे अंतर सोडून आडव्या टाकल्या होत्या आणि पट्ट्यांवर फोन उताणा ठेवला होता. फोनचा डोळा पट्ट्यांमधल्या फटीतून खाली तिच्या वहीकडे. मी शेजारी जाऊन पडद्यावर पाहिले. लहान लहान चौकटी होत्या, आणि प्रत्येक चौकटीत एक हात, एक पेन्सिल, वहीचे अर्धे पान. शिक्षिकेचा चेहरा नाही, एकाही मुलाचा चेहरा नाही. आवाज नाही. मी घड्याळ लावून तीन मिनिटे उभा राहिलो, कारण तक्रारीत कालावधी नमूद करावा लागतो. त्या तीन मिनिटांत एकदाच शिक्षिकेचा बारीक आवाज आला. "टिकली लावलेली पट्टी कोणाची आहे, इथून परत ये." आणि पुन्हा शांतता.

मोबाईलवरच्या शिक्षणाविषयी माझे मत तेव्हा ठाम होते आणि त्यातला बराच भाग आजही ठाम आहे. ज्या यंत्रावर घरातला निम्मा वेळ फालतू चित्रफिती चालतात, तेच यंत्र अकरा वाजता शाळा होते आणि बारा वाजता पुन्हा जत्रा होते, हे मला मान्य नव्हते. मुलांचे डोळे बिघडतात, मान वाकते, आणि शिक्षक हा इसम पडद्यावर आला की हरवतो. त्या दिवशी मला वाटले, हा घ्या पुरावा. मी त्याच दुपारी मुख्याध्यापिकांना पत्र लिहिले. एक प्रत संस्थेच्या कार्यवाहांना, एक खात्याला. त्यात मी लिहिले होते की तास चालू असता अध्यापन नव्हते, संवाद नव्हता, आणि शिक्षिका "उपस्थित असूनही अनुपस्थितवत" होत्या. या शब्दावर मी खूश झालो होतो, हेही कबूल करतो.

आयुष्यात मी रस्त्यांबद्दल लिहिले, नाल्यांबद्दल लिहिले, कचऱ्याबद्दल लिहिले, निवृत्तिवेतनाच्या चुकीच्या आकारणीबद्दल नऊ पत्रे लिहिली. एकाचीही दखल सहा महिन्यांच्या आत कोणी घेतली नाही. या एका पत्राची दखल आठ दिवसांत घेतली गेली. संस्थेला कुठल्यातरी कंपनीचे तयार धडे घ्यायचेच होते आणि त्यासाठी निमित्त हवे होते, हे मला पुढे कळले. ते निमित्त मी माझ्या सुवाच्य अक्षरात घरपोच केले. आदेशात दोन कारणे होती. एक, पालकाची लेखी तक्रार. दोन, वर्गाच्या जतन केलेल्या चित्रांत एकाही विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही, सबब उपस्थिती सिद्ध होत नाही. नववी आणि दहावीची भूमिती गावंड बाईंकडून काढून घेण्यात आली. यापुढे ती तयार चित्रफितींवर शिकवली जाईल. शाळा उघडल्या तरीही, असे त्यात वेगळे म्हटले होते.

मला समाधान वाटले. ते जून-जुलैपर्यंत टिकले.

ईशा दहावीत गेली. एका संध्याकाळी ती वहीसमोर नुसती बसून होती.

"काय झालं गं?"

"स्पर्शिका येत नाहीये."

"मग परत लाव की तो व्हिडिओ. त्याचा तेवढाच तर उपयोग."

"चार वेळा लावला, आजोबा. त्यातली मुलगी चारही वेळा तेच बोलते."

"आणि तुमच्या गावंड बाई काय मोठं वेगळं बोलायच्या? त्या तर गप्पच असायच्या."

ईशाने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिच्या वर्गात चुकून शिरलेला कोणी परका माणूस आहे. "गप्प असायच्या तेव्हाच तर शिकवायच्या. सगळ्यांचे हात बघायच्या. माझा कंपास फिरवताना सैल होतो, ते त्यांनी फोनमधून पकडलेलं. मला पण माहीत नव्हतं."

मी तिची वही मागितली. प्रश्नात त्रिज्या साडेतीन सेंटीमीटर दिली होती आणि पानावर शर्टाच्या बटणाएवढे वर्तुळ होते.

"हे एवढंसं का काढलंस?"

"व्हिडिओत एवढंच दिसतं ना," ती म्हणाली. "सगळ्यांची एवढीच येतात."

मी न्यायालयात अशी माणसे पाहिली आहेत ज्यांनी खोटी साक्ष दिली नाही, पण अर्धवट पाहून खरी साक्ष दिली आणि दुसऱ्याचे घर बुडवले. त्यांच्याविषयी माझ्या मनात कधी दया आली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो.

शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एक किरकोळ बांध्याच्या, सुती साडीतल्या बाई बसल्या होत्या. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना शिशाचा राखाडी रंग चढलेला. त्यांच्यासमोर फोन होता आणि मोठे रजिस्टर होते. कोणत्या मुलाने चित्रफीत किती मिनिटे पाहिली याची यादी फोनवर येत असे आणि बाई ती हाताने रजिस्टरमध्ये उतरवून घेत होत्या. भूमिती काढून घेतल्यावर संस्थेने त्यांना हे काम दिले होते. यंत्राने मोजलेले पुन्हा माणसाकडून लिहून घेणे आणि माणसाला येत असलेले यंत्राकडे देणे, याला ही मंडळी आधुनिकीकरण म्हणतात.

"नमस्कार. मी ईशाचा आजोबा."

"ईशा." त्यांनी पेन खाली ठेवले. "डावखुरी. कंपासाचा स्क्रू ढिला. बदलला का तिनं?"

"तुम्हाला ती चेहऱ्याने आठवते का?"

"त्या वर्गाचे चेहरे मला अजून नीट येत नाहीत," त्या म्हणाल्या. "वर्षभर हातच बघितले. आता पुस्तकं न्यायला येतात तेही मास्क लावून. पण वही पुढे केली की ओळखते."

मी तिथे माफी मागायला गेलो होतो. माझ्या तोंडून निघाले, "मला तुमच्या बाजूने अर्ज करायचा आहे."

"कोणाला?"

"सर्वांना."

त्या हसल्या. त्यांचे हसणे डोळ्यांपाशी सुरू होऊन तिथेच संपत असे. "करा. पण मला कोर्टात उभं करू नका हं काका. मला बोलता येत नाही."

हे खरे होते. बाई फार कमी बोलत. "समजलं का?" हा प्रश्न त्यांनी वर्गात कधी विचारला नाही, असे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. कारण विचारता त्या म्हणाल्या, "समजलं का म्हटलं की सगळे हो म्हणतात. नाही म्हणायला कोण उभं राहणार? मी 'दाखव' म्हणते." चूक हा शब्दही त्या वापरत नसत. आकृती बिघडली की जिथपर्यंत ती बरोबर आहे त्या बिंदूवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथून परत ये." एवढेच. मुलाने परत यायचे. त्याला किती वेळ लागतो ते बाई बघत उभ्या राहायच्या, आणि तो वेळ कोणाच्याही नोंदवहीत अध्यापन म्हणून धरला जात नाही.

त्या राहत कोलशेतला, भावाच्या कुटुंबासोबत. भोवती उंच इमारती उठल्या होत्या आणि मधे गावठाणातले त्यांचे घर, अंगणात सुकत घातलेली जाळी. मी मसुदे घेऊन ठाण्याहून बसने जात असे. दारात त्यांची भावजय भेटे. "या, बसा. बाय वरती हाय, हाक मारतंय," असे म्हणून ती जिन्यात तोंड घालून ओरडे, आणि बाई गच्चीवरून चष्मा कपाळावर चढवून खाली येत.

त्यांचे वडील मिठागरावर होते. खाडीकाठी मिठाचे वाफे पाडताना काटकोन धरायला त्यांच्याकडे गाठी मारलेला दोर असे. एका बाजूला तीन गाठींचे अंतर, दुसरीला चार, तिसरीला पाच. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस दोराचे तीन कोपरे तीन माणसांच्या हातात देई आणि खुंटी ठोकी. "बाबा पण बोलायचे नाहीत," बाई सांगत होत्या. "मी एक कोपरा धरायची. ढिला धरला की बाबा माझ्या हाताकडे बघायचे. तोंडाकडे नाही. मला कळायचं." दरवर्षी त्या शाळेच्या मैदानावर मुलांना दोर धरायला लावत. टाळेबंदीत दोर धरायला कोणी नव्हते. म्हणून त्यांनी डबे आणि पट्ट्या शोधून काढल्या.

पहिल्याच भेटीत मी त्यांना मोबाईलविरुद्धचे माझे निवेदन वाचून दाखवले. मला वाटले होते त्या मान डोलावतील.

"हे खोडा," त्या म्हणाल्या.

"कोणते?"

"'मोबाईल हे शिक्षणाचे साधन होऊच शकत नाही.' हे खोटं आहे."

"बाई, त्या मोबाईलनेच तुमचा वर्ग काढून घेतला."

"माझा वर्ग संस्थेनं काढून घेतला," त्या शांतपणे म्हणाल्या. "टिटवाळ्याची साक्षी आहे. दुसऱ्या तुकडीतली, पाचवीपासून माझ्यासमोर, चार वर्षांत तिनं तोंड उघडलं नाही. घरात फोन एकच, तो वडिलांचा, वडील टेंपो चालवतात. साडेसातला ते निघायचे. म्हणून मी तिचा आणि अजून दोघींचा तास सकाळी सातला घ्यायची. पहिल्या आठवड्यात तिचा नुसता हात दिसायचा. मग एक दिवस वहीच्या कोपऱ्यात तिनं लिहिलं, 'बाई, जीवा आणि व्यास यात फरक काय?' बोलली नाही, लिहिलं. कॅमेऱ्यासमोर. मग रोज एक प्रश्न. वर्गात हे झालं नसतं, काका. वर्गात चाळीस तोंडं वळून बघतात."

"मग तयार धड्यांना तुमचा आक्षेप काय?"

"धडे वाईट नाहीत. मी सगळे बघितले. ती मुलगी छान शिकवते, माझ्यापेक्षा स्वच्छ बोलते. मी मधे थांबवते, मागे नेते, मला उपयोग होतो. कारण मला कुठे अडलंय ते मला कळतं. ज्याला कुठे अडलंय तेच माहीत नाही, तो पोरगा कुठे थांबवणार?"

माझ्या चाळीस वर्षांच्या लेखनात मी एवढा नेमका मुद्दा कधी मांडला नाही. मी तो लिहून घेतला आणि पुढच्या तीन अर्जांत घातला. कोणी वाचला नाही.

त्याच दिवशी निघताना मी विचारले, या सगळ्यातून तुम्हाला नक्की काय हवे आहे, कारण अर्जात मागणी एकच आणि स्पष्ट असावी लागते. "निवृत्तीआधी एक दहावी," त्या म्हणाल्या. "पूर्ण. पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत. एवढंच लिहा."

निवृत्तीला दीड वर्ष होते. मी एवढेच लिहिले, आणि लिहीत राहिलो. मुख्याध्यापिकांनी संस्थेकडे बोट दाखवले. संस्थेने कळवले की धड्यांचा तीन वर्षांचा करार झालेला आहे. खात्याने कळवले की हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे. मी माझी मूळ तक्रार विनाअट मागे घेत असल्याचे पत्र दिले, त्याची पोच रजिस्टर पोस्टाने घेतली. उत्तर आले: तक्रारीच्या अनुषंगाने कार्यवाही पूर्ण झालेली असल्याने तक्रार मागे घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी ते पत्र कितीदा वाचले असेल सांगता येत नाही. त्यात कायद्याची एकही चूक नव्हती. मी तिथे नोकरीला असतो तर तेच उत्तर लिहिले असते.

या काळात बाईंना ती तक्रार माझी आहे हे मी सांगितले नाही. सांगण्याची संधी नव्हती असे नाही. प्रत्येक खेपेला त्यांची भावजय चहा देई, बाई मसुदा वाचत, एखादा शब्द बोटाने दाबून धरत, आणि मी ठरवलेले वाक्य पुढच्या खेपेवर ढकलत असे. मुदतवाढ मागणाऱ्या पक्षकारांवर मी आयुष्यभर चरफडलो आहे.

मग मी माहितीचा अधिकार वापरायचे ठरवले. माझ्या नावाचा अर्ज फेटाळला गेला: सेवाविषयक माहिती त्रयस्थ व्यक्तीस देता येत नाही. कायद्याने तेही बरोबर. तेव्हा अर्ज बाईंच्या नावाने करणे भाग होते. मसुदा मी केला, सही त्यांनी केली, उत्तराचा पत्ता कोलशेतचा. अर्ज कसा असावा, याची एक शिस्त माझ्या हाताला आहे. अर्धवट माहिती मागू नये, नाहीतर कार्यालय नेमका हवा तो कागद वगळते. म्हणून मी नेहमीप्रमाणे लिहिले, "प्रकरणातील पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतच्या सर्व टिप्पण्या व पत्रव्यवहार यांच्या साक्षांकित प्रती." पोस्टातून बाहेर पडून पावती खिशात घालताना माझ्या लक्षात आले की पहिले पान माझे आहे.

मी तेव्हाही गेलो नाही. तीस दिवसांची मुदत होती, आणि मी तीसही दिवस घरी बसून काढले.

बाईंचा फोन आला. "प्रती आल्यात. या."

गच्चीवर त्यांनी चटई टाकली होती. कागद क्रमाने लावून ठेवले होते. त्यांनी पहिले पान फिरवून माझ्यापुढे ठेवले आणि त्यावर बोट ठेवले, माझ्या सहीवर नव्हे, 'अनुपस्थितवत' या शब्दावर.

"हे तुमचं."

"होय."

"अक्षर ओळखलं मी. र च्या शेपटीवरून. सही नंतर बघितली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. "किती वेळ बघितलंत तुम्ही?"

"तीन मिनिटे."

"त्यात लिहिलंय ते. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल." त्यांनी त्या शब्दावरून बोट उचलले. "तुमच्याकडे माझा नंबर होता. ईशाकडे होता. एक फोन का नाही केलात?"

मी जे उत्तर दिले ते मला आजही ऐकू येते. "तोंडी विचारण्याला पुरावा राहत नाही, बाई."

"पुरावा कोणाला हवा होता, काका? मी सांगितलं असतं. बघा म्हटलं असतं, बसा अर्धा तास. तुम्ही बघितलं असतंत." त्यांनी कागद उचलले, कडा जुळवल्या, पुन्हा खाली ठेवले. "सव्वा वर्ष माझ्या घरी येताय. माझी भावजय तुम्हाला पोहे करून घालते. तिला काय सांगू?"

खाली अंगणात कोणीतरी बादली ओतली. मी म्हणालो की मी आणखी वर अपील करतो, या वेळी नाव न लपवता, चूक माझी म्हणून.

"नको," त्या म्हणाल्या. "आता लिहू नका. तुम्हाला काही करायचंच असेल, तर मुख्याध्यापिकेसमोर जाऊन बसा. कागद नेऊ नका. तोंडानं सांगा, की मी चुकीचं बघितलं. तेवढं सांगा. या सत्रातली तीन-चार प्रकरणं तरी मिळतील मला."

मी गेलो. हातात कागद नाही, खिशात पेन नाही. मुख्याध्यापिका वाईट बाई नव्हत्या, थकलेल्या होत्या. माझे बोलणे सुरुवातीला अडखळले, मग मी सगळे सांगितले. डबे, पट्ट्या, साक्षीचा प्रश्न, बटणाएवढी वर्तुळे, माझी तीन मिनिटे. त्यांनी मधे एकदाही फोनकडे पाहिले नाही. शेवटी डोळे पुसल्यासारखे केले, आणि म्हणाल्या, "आजोबा, पटतंय मला. खरंच पटतंय. तुम्ही हे लेखी द्या."

मी लेखी दिले. ते खात्याकडे अभिप्रायासाठी गेले. अभिप्राय येईपर्यंत सत्र संपले, आणि जानेवारीचा शेवटचा दिवस उजाडला.

मला निरोपसमारंभाचे निमंत्रण नव्हते. मी सभागृहात मागे उभा राहिलो. शाल झाली, श्रीफळ झाले, आणि संस्थेच्या वतीने एक टॅब देण्यात आला. त्यात तयार धड्यांचे वर्षभराचे सभासदत्व भरलेले आहे, असे कार्यवाहांनी माईकवरून जाहीर केले. टाळ्या वाजल्या. कोणाला त्यात काही विचित्र वाटले नाही, हेच मला असह्य झाले. बाईंनी टॅब दोन्ही हातांनी घेतला, नमस्कार केला. भाषण करा म्हणून आग्रह झाला. त्या माईकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वर तास चालू आहेत. मुलांना आवाज जाईल." आणि खाली येऊन बसल्या.

समारंभ संपल्यावर मी त्यांना गाठायला जिन्याने वर गेलो. काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हते. काही लिहून आणले नव्हते. दहावीच्या वर्गाचे दार उघडे होते. भिंतीवर धडा चालू होता, त्या शिकवणाऱ्या मुलीचा स्वच्छ, प्रसन्न आवाज सगळ्या खोलीभर पसरला होता. आता तुम्ही स्वतः काढून पाहा, असे ती म्हणाली आणि श्वासही न घेता पुढच्या प्रमेयाकडे गेली. काही मुले पडद्याकडे पाहत होती, काही बाकाखाली.

बाई बाकांच्या मधल्या वाटेने चालल्या होत्या. शाल बहुधा खालीच राहिली होती. पहिल्या बाकापाशी थांबल्या, दुसऱ्यापाशी थांबल्या. एका मुलाने वही पुढे सरकवली. मग त्याच्या मागच्या मुलीने. मी दारात उभा असल्याचे त्यांच्या लक्षात आले की नाही, सांगता येत नाही. त्यांनी वर पाहिले नाही. त्यानंतर मी दोनदा कोलशेतपर्यंत गेलो आणि बसमधून न उतरता परत आलो, त्यामुळे त्यांना पाहिले ते त्या दिवशी शेवटचे.

समारंभापूर्वीच, दुपारी बारा वाजता, त्यांना रीतसर कार्यमुक्त करण्यात आले होते. तसा आदेश त्यांनी सही करून स्वीकारला होता आणि त्याची प्रत कार्यालयात होती. त्या खोलीत थांबण्याचा, कोणाच्या वहीला हात लावण्याचा, त्यांना कसलाही अधिकार उरला नव्हता. त्या चौथ्या बाकापाशी वाकल्या, एका मुलीच्या हातातला कंपास तिच्याच बोटांसकट धरला, आणि ती फिरवू लागेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.